आग्रा रोड, भांडुप पश्चिम

बँकेतल्या मुलीने आईचे दोन कागद काउंटरवर शेजारी शेजारी ठेवले आणि पेनाचं टोपण आधी एकावर, मग दुसऱ्यावर टेकवलं. रेशनकार्डावर ‘आग्रा रोड’, लाइटबिलावर ‘एल. बी. एस. मार्ग’. “पत्ता जुळत नाहीये आजी, हे दोन वेगळे रस्ते झाले.” बाबांच्या मागे आईला मिळणारं पेन्शन या केवायसीपायी अडकलं होतं, त्यामुळे आई आधीच घुश्शात होती. “एकच रस्ता गं बाळा. आधी आग्रा रोड होता, मग शास्त्रीजींचं नाव दिलं.” मुलगी पंचविशीची, बहुधा या बाजूला नवीनच आलेली. हसून म्हणाली, “आग्र्याला जातो का हो हा रस्ता?” आई अजिबात हसली नाही. “जातो तर! नायतर आग्रा रोड कित्याक म्हणतील?” राग आला की तिची मालवणी अशी अर्धवट बाहेर येते. मागे रांगेत हशा पिकला, मीही हसले. शेवटी एका कोऱ्या कागदावर ‘सदर दोन्ही पत्ते एकच असून’ वगैरे लिहून आईने सही केली आणि काम झालं.

पण तो प्रश्न माझ्या डोक्यातून जाईना. माझा जन्म या रस्त्यावरचा. शाळा याच रस्त्यावर, कॉलेज याच रस्त्यावर, लग्न होऊन गेले तीही मुलुंडला, म्हणजे याच रस्त्यावर. हा रस्ता पुढे कुठे जातो असं कधी मनात आलं नव्हतं. आमच्या लेखी तो एकीकडे मुलुंडला जायचा आणि दुसरीकडे घाटकोपरला, फार तर सायनला. वर्षातून एकदा, गणपतीच्या आधी, एसटीच्या जादा गाड्या भांडुपहून सुटायच्या तेव्हा तो कणकवलीला जायचा. आणि नाव तर आम्ही कुठलंच घेत नसू. ‘मेन रोड’. “मेन रोड ओलांडू नकोस”, “मेन रोडवरून दही आण”. पाकिटावर लिहायची वेळ आली की मगच आग्रा की शास्त्री हा प्रश्न पडायचा.

भांडुप आडवं समजून घ्यावं लागतं. पश्चिमेला डोंगर, त्याच्या पाठीशी विहार-तुळशीचं जंगल. डोंगराच्या उतरणीवर टेंभीपाडा, तुळशेतपाडा, कोकणनगर, प्रतापनगर, एकमेकांच्या खांद्यावर चढलेल्या चाळी. खाली हा रस्ता. त्याच्यापुढे रूळ, मग पूर्वेची वस्ती, मग हायवे, मिठागरं आणि खाडी. डोंगराच्या पायथ्याने तानसाच्या जाडजूड पाइपलाइनी गेल्यात. मुंबईच्या पाण्याचा फार मोठा भाग भांडुपच्या संकुलात शुद्ध होऊन पुढे शहरात जातो, आणि डोंगरावरच्या बायका वर्षानुवर्षं पहाटे नळाला नंबर लावत आल्या. पाणी आमच्या दारावरून जायचं, माणसं आमच्या दारावरून जायची, ट्रक तर जायचेच. आमच्यापाशी थांबायचं असं यातल्या कोणाच्याच मनात नसे.

मुळात हा रस्ता बांधला तोच दुसऱ्या कोणाला तरी जायला मिळावं म्हणून. १७७४ च्या अखेरीस इंग्रजांनी ठाण्याचा किल्ला मराठ्यांकडून घेतला, साष्टी त्यांच्या हाती आली, पण मुंबई बेट आणि साष्टी यांच्यामध्ये खाडी आडवी होतीच. जोनाथन डंकन गव्हर्नर असताना, एकोणिसावं शतक उजाडता उजाडता, सायन आणि कुर्ल्याच्या मधल्या खाजणातून बांध घातला गेला. साष्टीचं भात, गवत, भाजीपाला कोरड्या पायांनी बेटावर पोचू लागला. बांध घातला तर तो फुकट कसा वापरू देणार? टोल बसवला. हीच वाट पुढे ठाणं, भिवंडी, कसारा घाट, नाशिक, धुळे, इंदूर, ग्वाल्हेर करत आग्र्याला पोचणाऱ्या हमरस्त्याचा पहिला टप्पा झाली. सगळी मिळून सुमारे १२०० किलोमीटर. त्यात भांडुप म्हणजे बैलांना पाणी दाखवायचं ठिकाण असावं, याहून जास्त काही नाही.

नाही म्हणायला एक गोष्ट होती. भांडुपचा पहिलावहिला मोठा कारखाना दारूचा होता, हे मला कळलं तेव्हा मी मुद्दाम आईला फोन करून सांगितलं. ल्यूक ॲशबर्नर नावाचा मुंबईचा आल्डरमन, म्हणजे शहराच्या कारभारातला एक मानकरी, आणि ‘बॉम्बे कुरिअर’ या वर्तमानपत्राचा संपादक, त्याची इथे रमची भट्टी होती. १८१७ मध्ये त्याने ती आपल्या व्यवस्थापकाच्या, कावसजी माणेकजींच्या हवाली केली. सरकारला वर्षाला एक लाख गॅलन रम पुरवायचं कंत्राट या भट्टीकडे होतं. पुढे पुढे मॉरिशसची रम हिच्यापेक्षा चांगली अशी कुरबुर सुरू झाली, म्हणजे आपला माल तो डावा आणि परदेशी तो भारी हा विचार भांडुपला दोनशे वर्षांपूर्वीच येऊन पोचला होता. आईने सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाली, “मेल्यांका दुसरा काय सुचतला?”

रेल्वेची कल्पनाही भांडुपलाच सुचली असं सांगतात. सरकारचा मुख्य अभियंता जॉर्ज क्लार्क १८४३ मध्ये इथे आला होता. मुंबई ते कुर्ला, ठाणं, कल्याण आणि पुढे थळ आणि बोर घाटांपर्यंत लोहमार्ग टाकावा हे त्याच्या मनात आलं ते या मुक्कामात. त्या दिवशी त्याला इथे नेमकं काय दिसलं असेल याचं मला फार कुतूहल आहे. मला वाटतं, धूळ. बैलगाड्यांची न संपणारी रांग आणि तिच्यावर तरंगणारी धूळ. या रस्त्यावर दहा मिनिटं उभं राहिलेल्या कोणत्याही माणसाला आजही दुसरा काहीतरी मार्ग काढला पाहिजे असंच वाटतं. १६ एप्रिल १८५३ ला बोरीबंदरहून ठाण्याला गाडी धावली, तोफा झाल्या, ते सगळं शाळेत पाठ केलेलं आहेच. पण रूळ आले म्हणून रस्ता ओस पडला नाही. दोघं शेजारी शेजारी चालत राहिले. १९५० मध्ये मुंबईची हद्द भांडुपपर्यंत आली, १९५७ मध्ये मुलुंडपर्यंत. तोवर आम्ही मुंबईबाहेरचे गावकरी.

मग कंपन्या आल्या.

कुर्ल्यात त्या आधीपासूनच होत्या. जमशेटजी टाटांनी १८८६ मध्ये आजारी गिरणी विकत घेऊन तिची स्वदेशी मिल केली ती तिथेच. वालचंद हिराचंदांची प्रीमियर ऑटोमोबाइल्स कुर्ल्याची. मुंबईची टॅक्सी म्हणून जगाला माहीत झालेली फियाट, म्हणजे पुढची पद्मिनी, या रस्त्याच्या कडेला जन्मली. २०२३ च्या ऑक्टोबरअखेर शेवटच्या पद्मिनी टॅक्सीची मुदत संपली तेव्हा लोक फोटो काढायला धावले, पण ती जिथे जन्मली त्या जागेकडे कोणी कॅमेरा घेऊन फिरकलं नाही. तिथे केव्हाच टॉवर आणि ऑफिसं झाली होती. कमानी कंपनी, विक्रोळीचं गोदरेज, जिथे पहिल्या सार्वत्रिक निवडणुकीच्या मतपेट्या तयार झाल्या. भांडुपला जीकेडब्ल्यू, सिएट, एशियन पेंट्स. मुलुंडला रिचर्डसन अँड क्रुडास, जॉन्सन, हेक्स्ट. ही नावं आमच्याकडे कंपन्यांची नावं म्हणून घेतली जात नसत, सोयरीक म्हणून घेतली जात. “मुलगा काय करतो?” “हेक्स्टला आहे, परमनंट.” झालं, पुढची चौकशी नको. परमनंट हा शब्द पत्रिकेतल्या छत्तीस गुणांना भारी होता.

बाबा एका इंजिनिअरिंग कंपनीत टर्नर होते. पाळी सुटून घरी आले की आधी दाराबाहेर बसायचे, बूट उलटे करायचे आणि तळव्यात रुतलेला लोखंडाचा कीस चिमट्याने उपसायचे. कीस म्हणजे निळसर, वळलेली, बारीक स्प्रिंग. मला ती फार सुंदर वाटायची. हात लावला की बाबा ओरडायचे, कारण ती ब्लेडसारखी कापते. ते झालं की मोरीत जाऊन कपड्याच्या साबणाने कोपरापर्यंत हात धुवायचे, तरी नखांच्या कडेला काळी रेघ राहायचीच. मशीनवर सोडतात त्या दुधाळ पाण्याचा एक आंबूस वास त्यांच्या शर्टाला असायचा. आई तो शर्ट वेगळा भिजत घालायची.

पहिली पाळी सात ते तीन, दुसरी तीन ते अकरा, तिसरी रात्रीची. आई घड्याळाकडे बघत नसे, भोंग्याकडे कान असे. दुपारी तीनला रस्त्याचा रस्ता उरायचा नाही. आत जाणारे आणि बाहेर येणारे असे दोन लोंढे एकमेकांत घुसायचे, हातात स्टीलचे डबे, सायकलींच्या घंट्या, गेटवर वॉचमन झडती घेतोय, ट्रकवाले हॉर्न वाजवून थकून शेवटी इंजिन बंद करून बसलेले. त्या पाऊण तासात ट्रकने थांबायचं असतं हे सगळ्यांनाच मान्य होतं. आम्हा मुलींना त्या वेळेत मेन रोडवर जायला बंदी होती, म्हणून मी गॅलरीतून बघायचे. वाऱ्याची दिशा असेल तसा वास यायचा. शांग्रीलाकडून वारा असला तर भाजलेल्या बिस्किटांचा, दुसरीकडून असला तर तापलेल्या रबराचा, कधी रंगाचा. बिस्किटांचा वास आला की भूक लागायची आणि रबराचा आला की आई खिडक्या लावून घ्यायची. पगाराच्या दिवशी गेटबाहेर बाजार भरायचा. सुकट, बोंबील, प्लॅस्टिकच्या बादल्या, मापात न बसणारी मुलांची कापडं, एलआयसीचा एजंट, व्याजाने पैसे देणारे दोघंतिघं आणि थोड्या लांब उभ्या असलेल्या काही बायका, ज्यांच्या नवऱ्यांचा पगार गेटपासून घरापर्यंत पोचायची खात्री नव्हती. आई त्यांच्यात कधी उभी राहिली नाही. पण त्यांच्याशी बोलायला थांबायची, हे मी पाहिलेलं आहे.

गेट मीटिंग हा आमच्या भागातला दुसरा उत्सव. दत्ता सामंत घाटकोपरचे डॉक्टर, दवाखान्यात येणारे खाणकामगार पाहत पाहत युनियनमध्ये शिरले. १८ जानेवारी १९८२ ला गिरण्यांचा संप सुरू झाला तो परळ-लालबागचा म्हणून सगळ्यांच्या लक्षात आहे, पण त्यांच्या युनियनचा बावटा या रस्त्यावरच्या इंजिनिअरिंग कंपन्यांतून आधीपासून फडकत होता. आमच्या घरात त्यांच्याबद्दल दोन मतं होती. बाबा म्हणायचे, “डॉक्टरांनी पगार वाढवून दिला.” काका म्हणायचे, “आणि कंपनी घालवली.” गणपतीत पत्ते खेळताना हा वाद दरवर्षी त्याच जागी सुरू व्हायचा आणि त्याच जागी थांबायचा. १६ जानेवारी १९९७ ला पवईत त्यांचा खून झाला, त्या दिवशी काकाही जेवले नाहीत.

बाबांची कंपनी एका दिवसात बंद झाली नाही. आधी कॅन्टीनचं जेवण पातळ झालं, मग ओव्हरटाइम गेला, मग तिसरी पाळी गेली, मग व्हीआरएसचा, म्हणजे स्वेच्छानिवृत्तीचा, कागद आला. चेक मोठा होता. आमच्या घरात एवढी शून्यं कोणी पाहिली नव्हती. त्यातून दादाचं शिक्षण झालं, माझं लग्न झालं, गावच्या घरावर कौलं चढली. उरलेले बाबांनी जास्त व्याजाच्या नादाने एका पतपेढीत ठेवले आणि ती बुडाली. हे इतकं सगळ्यांचं झालंय की आमच्या सोसायटीत यावर कोणी उसासाही टाकत नाही.

आता या कंपन्यांबद्दल हळवं होऊन लिहायची पद्धत पडली आहे, आणि मीही वर थोडीफार तेच करून बसलेय. पण मला लगेच शेजारच्या काकांचा उजवा हात आठवतो. त्याला तीनच बोटं होती. पॉवर प्रेसने घेतलेल्या दोन बोटांची नुकसानभरपाई त्यांना मिळाली होती, आणि ते चेष्टेने घरातल्या कपाटाकडे बोट दाखवून म्हणायचे, “हे काय, माझं बोट उभं आहे.” उरलेल्या बोटांपैकी एकाने दाखवायचे. आई रोज दोनदा फडकं मारायची तरी टीव्हीवर काळी पूड बसायची. माझ्या वर्गात खोकणारी मुलं इतकी होती की बाई शिकवायच्या थांबत नसत. त्यामुळे धुरांडी गेली याचं मला मुळीच दुःख नाही. जमिनीला सोन्याचा भाव आल्यावर तिच्यावर कोणी बिस्किटं भाजत बसणार नव्हतं, हेही समजतं. खटकतं ते एवढंच, की जमीन मोकळी झाली तेव्हा तिच्यात आमच्यासाठी काही निघालं नाही. एक मैदान नाही, एक बरं हॉस्पिटल नाही. मॉल आले. त्यातले एकदोन तर कंपन्यांपेक्षाही कमी वर्षं जगले आणि आता काळवंडलेल्या काचा घेऊन उभे आहेत. माझा भाचा अशाच एका ऑफिस टॉवरच्या गेटवर बारा बारा तास सिक्युरिटीत उभा असतो. जागा जवळपास तीच, जिथे त्याच्या आजोबांची झडती व्हायची. आता झडती तो घेतो. परमनंट नाही.

या रस्त्याने टोल मात्र कधी सोडला नाही. डंकनच्या बांधावर होता, तसा पुढे मुलुंडला जकात नाका होता. रात्रभर ट्रकांची रांग, दलाल, कागद, स्टोव्हवरचा चहा, आणि ट्रकच्या चाकाला टेकून झोपलेले क्लीनर. लग्नानंतर सुरुवातीची काही वर्षं आम्ही त्या नाक्याजवळच राहत होतो, आणि एअरब्रेकच्या सुस्काऱ्यांनी माझी झोपमोड व्हायची. १ जुलै २०१७ ला जीएसटी आला आणि जकात गेली. शेजारी टोलनाका होताच. तो हलक्या गाड्यांना माफ झाला ऑक्टोबर २०२४ मध्ये, विधानसभा निवडणूक तोंडावर असताना. बसच्या पाटीवर आणि रिक्षावाल्यांच्या तोंडी ‘चेक नाका’ अजून आहे.

कंपन्या गेल्यानंतर रस्ता पुन्हा पायी चालणाऱ्यांच्या ताब्यात गेलेला मी दोनदा पाहिला. पहिल्यांदा २६ जुलै २००५ ला. सांताक्रूझला एका दिवसात ९४४ मिलिमीटर पाऊस पडला, गाड्या बंद, आणि मी फोर्टच्या ऑफिसातून कशीबशी सायनपर्यंत आले होते. कुर्ल्याला कल्पना आणि शीतल टॉकीजपाशी पाणी छातीला लागत होतं. रस्ता कुठे संपतो आणि गटार कुठे सुरू होतं ते कळायला मार्ग नव्हता. दुभाजकावरचे रेलिंग हातात धरून, अनोळखी माणसांची साखळी करून आम्ही पुढे सरकत होतो. सर्वांत पुढे एक लुंगीवाला म्हातारा हातातल्या बांबूने पाण्याखालचं झाकण शोधत होता आणि दर दहा पावलांनी “आहे” असं ओरडत होता. आहे म्हणजे झाकण जागेवर आहे. घाटकोपरनंतर पाणी घोट्यावर आलं. लोकांनी इमारतींखाली चहाची पातेली मांडली होती, बिस्किटांचे पुडे फोडून हातावर ठेवत होते. पहाटे भांडुपला पोचले तेव्हा आई रस्त्याकडेला टॉर्च घेऊन उभी होती, आणि तिने पहिल्यांदा मला शिव्या घातल्या.

दुसऱ्यांदा मे २०२० मध्ये. टाळेबंदीमुळे मी आईकडे अडकले होते. रस्ता इतका रिकामा मी जन्मात पाहिला नव्हता. मग एका सकाळी गॅलरीतून बघते तर माणसं चाललेली. सगळी एकाच दिशेला, मुलुंडकडे. पाठीवर बॅगा, डोक्यावर पिशव्या, एकाच्या खांद्यावर टेबलफॅन. कुर्ल्याहून, साकीनाक्याहून, धारावीहून निघालेली. सोसायटीने खाली पाण्याचे कॅन आणि केळी ठेवली, आणि आई मास्क लावून खाली उतरली ती कोणाचं ऐकेना. पायी चालणाऱ्यांच्या मधून मधून रिक्षा जात होत्या, काळ्यापिवळ्या, एमएच-०३ च्या. त्यातली एक आमच्यासमोर पाण्यासाठी थांबली. मीटरवर फडकं बांधलेलं, टपावर ताडपत्रीत गुंडाळलेली गादी, मागच्या सीटवर एक बाई, दोन मुलं, गॅसची शेगडी आणि प्लॅस्टिकचा पिंप. पिंपात तांदूळ होते, झाकणाच्या फटीतून दिसत होते. चालवणाऱ्याची एकच चिंता, नाशिकनंतर सीएनजी मिळेल का. कोणालाच माहीत नव्हतं. दादाने विचारलं, “कहाँ तक?” तो म्हणाला, “फिरोजाबाद. आगरा से थोड़ा आगे.” आणि मग रस्ता विचारावा तसा नाही, तर आपल्याला माहीत आहे ते पडताळून बघावं तसा त्याने हात पुढे केला. “यही सीधा है ना?”

आईने मान डोलावली. “सीधा.”

बँकेत तिने त्या मुलीला उत्तर दिलं तेव्हा तिच्या डोळ्यांपुढे ती रिक्षा असणार असं मला आता वाटतं. तिला हिंदी येत नाही, भूगोल येत नाही, ती कसारा घाटाच्या वर कधी गेलेली नाही. पण तिच्याकडे पुरावा आहे. तो माणूस पोचला की नाही, ते मात्र कळलं नाही. आईने त्याच्या मुलांना केळी दिली होती आणि हातात शंभराची नोट कोंबली होती, आणि संध्याकाळपर्यंत ती दर थोड्या वेळाने “आता कसाऱ्याक पोचले असतीत” असं म्हणत होती.

सध्या रस्त्याच्या मधोमध मेट्रो आहे, म्हणजे खांब आहेत. वडाळ्याहून घाटकोपर, मुलुंड, ठाणे करत कासारवडवलीला जाणारी मेट्रो ४, सुमारे ३२ किलोमीटर. काम २०१८ पासून चाललंय. पत्र्यांच्या कुंपणाने रस्ता दोन्ही बाजूंनी आवळला गेला, बसस्टॉप सरकत सरकत कुठल्या कुठे गेले, आणि पावसाळ्यात खड्डे चुकवताना रिक्षावाले आमच्या फाटकातून आत शिरतात. तरीही मी मेट्रोची वाट बघते आहे, हे कबूल. स्टेशनांच्या यादीत श्रेयस सिनेमा आहे, गोदरेज कंपनी आहे, आणि शांग्रीला आहे. भाचीला मी सांगितलं की शांग्रीला म्हणजे बिस्किटांची कंपनी होती. तिला वाटत होतं एखादं रिसॉर्ट असेल. ती म्हणाली, “मग बिस्किट कंपनी असंच नाव ठेवायचं ना.” मला आवडली असती ती पाटी, खरं तर. ‘पुढील स्थानक बिस्किट कंपनी.’ कंपनीत बाबांच्या बरोबरीने राबलेल्या, युनियनची वर्गणी भरलेल्या, बोटं गमावलेल्या माणसांनी स्वतःहून स्टेशनाला नाव मागितलं नसतं. त्यांच्या गेटांना मात्र आता माणसं न बघताच वरून ओलांडतील, पाचव्या मिनिटाला मुलुंड.

आमची सोसायटी कंपनीतल्याच कामगारांनी वर्गणी काढून बांधलेली, तीन मजली, लिफ्ट नाही. ती आता पुनर्विकासाला जाते आहे. बिल्डरचं रंगीत पुस्तक घरी आलंय, त्यात रस्त्याचं नाव ‘एलबीएस’ एवढंच आहे आणि चित्रात रस्त्यावर एकही ट्रक नाही. सोसायटीच्या मीटिंगमध्ये प्रत्येकाने पसंती लिहून द्यायची आहे, रस्त्याच्या बाजूचा फ्लॅट की डोंगराच्या. सगळ्यांना डोंगराची बाजू हवी आहे. तिथे झाडं दिसतात, धूळ कमी, आणि पुढेमागे विकायचा झाला तर भाव चांगला. रस्त्याच्या बाजूला आठव्या मजल्यापर्यंत मेट्रो खिडकीसमोरून जाणार आणि डबे पडद्याआड डोकावणार, असं सेक्रेटरींनी नकाशा पसरून सगळ्यांना समजावून दिलं. दादाने फॉर्मवर ‘डोंगर’ लिहिलंही होतं. आईने तो फॉर्म मागून घेतला, चष्मा लावून वाचला आणि त्याच्यावर पेनने फुली मारली. “माका रस्त्याबाजूचीच खोली होयी,” म्हणाली. दादा चिडला, “आवाजाने झोप लागणार नाही तुला.” “झाडांका बघून मी काय करू? झाडा खय जातत नाय नि येतत नाय.” दादा माझ्याकडे बघतोय, मी काहीतरी बोलावं म्हणून. नवा फॉर्म सेक्रेटरींकडून मागून आणलाय. शुक्रवारपर्यंत द्यायचा आहे, आणि दोन्ही बाजू समजतात म्हणून मला त्यावर काही लिहिता येत नाहीये.